रोज धुतलेली जीप

मी एक जीप. धामापूरला तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एका फणसाखाली मी उभी असते. माझा रंग हिरवा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. मागचं दार लावताना आधी थोडं वर उचलावं लागतं आणि मग ढकलावं लागतं. घरातल्या माणसांना याची सवय झाली आहे. पाहुणे मात्र ते दोनदा तीनदा आपटतात.

माझ्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. काही जण म्हणतात, विकणाऱ्याने या लोकांना फसवलं. काही जण म्हणतात, देवीने वाचवलं. मी दोन्ही वेळा तिथे होते. कुणी मला विचारलं नाही, कारण गाडीला कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच बोलते.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातलं मला फार आठवत नाही. एकामागून एक माणसं येत, प्रत्येक जण एकच काम करी आणि पुढे जाई. मी पूर्ण झाले तेव्हा मला पूर्ण पाहणारं तिथे कुणी नव्हतं.

माझा पहिला मालक घाटावरचा, उसाचा शेतकरी. त्याने मला खूप राबवलं आणि क्वचितच धुतलं. दसऱ्याला तेवढी झेंडूची माळ घाली, हळदकुंकू लावी. बाकी वर्षभर माझ्या पोटाला काळ्या मातीचा थर असे. तो वाळला की आपोआप गळून पडे. लोक त्याला हसत, गाडी आहे की नांगर, असं विचारत. पण माझ्या पोटाखालचं लोखंड तेव्हा अगदी शाबूत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्याने नवीन गाडी घेतली आणि मला तारकर्लीच्या सुदेशने आणलं.

सुदेशच्या घरी माडांच्या सावलीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि किनाऱ्यावर फिरवायच्या होड्या. त्या होड्या पाण्यात सोडायच्या आणि परत वर ओढायच्या, हे माझं काम. चारही चाकांना जोर असल्यामुळे मी वाळूत रुतत नसे. मागची चाकं लाटेत बुडेपर्यंत मला मागे न्यायचे, होडीचा दोर अडकवायचे आणि मग मी हळूहळू वर यायची.

पर्यटक मजेशीर असतात. समुद्रातून बाहेर आलं की स्वतःच्या गाडीत बसताना आधी सीटवर टॉवेल अंथरतात. माझ्यात मात्र ओल्या कपड्यांनी खुशाल बसायचे. माझ्या बोनेटवर चढून फोटो काढायचे आणि उतरताना माझ्याकडे बघायचेही नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नसे. होडीकडेही ते तसंच बघत.

सुदेश मात्र बघे. तो होडीवाल्यांच्या घरातला. त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं की लाकडाला समुद्राचं पाणी मारत नाही, पावसाचं मारतं. म्हणून होडी पावसाआधी वर काढायची, बुडाला माशाचं तेल द्यायचं, त्यावर काळा रंग द्यायचा, वर माडाच्या झापांचं छप्पर करायचं. त्याने मला तसंच सांभाळलं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर तो माझ्याखाली आडवा होई आणि माझ्या पोटाला आधी तेल, मग काळा रंग लावी. कितीतरी दिवस मला तारल्यांचा वास येत राही.

लोखंडाला समुद्राचं मीठ चालत नाही हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. म्हणूनच तो मला रोज धूत असे. किनाऱ्यावरून आलं की आधी माझी आंघोळ, मग त्याची. अंगणातल्या बावीवरचा, म्हणजे विहिरीवरचा, पंप सुरू करून, नळी घेऊन तो माझ्या पोटाखाली, चाकांच्या आत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटींत पाणी मारी. ती बाव त्याच्या आईची, काशीबाईंची, मोठी मानाची. वाडीत इतर बावींचं पाणी मचूळ निघालं तेव्हाही हिचं गोड निघालं होतं. उन्हाळ्यात अर्धी वाडी हंडे घेऊन तिथे येत असे. तिचं नावच गोडी बाव. काशीबाई गेल्या, पण अजून कुणी वाट विचारली तर गोड्या बावीकडचं घर, असंच सांगतात.

मी तिथे आले तेव्हा घरात नळ आला होता. प्यायला नळाचं, बाकी सगळ्याला बावीचं. खोल्या वाढल्या, पाहुणे वाढले. पाहुण्यांना सकाळी आंघोळ लागे, समुद्रावरून आल्यावर पुन्हा लागे. पंप सकाळ-संध्याकाळ चाले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये ही वाळूतली बाव. वरचं गोडं पाणी उपसून गेलं की खालून कुठलं पाणी येणार?

लोखंडाला जीभ नसते, पण मीठ कळतं. एका उन्हाळ्यात मला ते कळलं. मी सुकले की माझ्या पाट्यांच्या कडांवर पांढरी रेघ उमटायची. सुदेशला ती दिसायची नाही, कारण ती दिसायच्या आत तो दुसऱ्या दिवशी मला पुन्हा धूत असे. आंघोळ करताना ओठांना खारट लागलं तरी सगळ्यांना ते अंगावरचं समुद्राचंच मीठ वाटे. समुद्राने मला मागच्या चाकांपुरतं भिजवलं. बावीने कोपरान्‌कोपरा भिजवला. आणि वर्षातून एकदा त्या मिठावर तेल आणि काळा रंग बसे. मीठ आत, रंग बाहेर.

मी काय करणार होते? दार कुरकुरवू शकत होते, तेवढं केलं. त्याने बिजागरीला तेल घातलं.

मग सुदेशने ट्रॅक्टर घेतला आणि मला विकायचं ठरवलं. तेव्हा धामापूरहून आनंदी आली.

आनंदी आरोग्यसेविका आहे. तिचं उपकेंद्र आडबाजूला, कातळावरच्या एका वाडीत आहे. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे जांभ्याची चढण आणि वाटेत एक व्हाळ, म्हणजे ओढा. एसटी दिवसातून एकदा जाते, पावसात तीही खालूनच परत फिरते. नवरा मंगेश बोटीवर. घरी सासरे हरिश्चंद्र, ज्यांना सगळे भाई म्हणतात, आणि शाळेत जाणारी मुलगी पूजा. आनंदी कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, कधी चालत कामाला जाई. मागच्या पावसात ती व्हाळात घसरली आणि तिच्या हाताला प्लास्टर लागलं. तेव्हापासून तिने नोकरी सोडावी, असं घरात सुरू झालं. सगळ्यात जास्त तिचा धाकटा दीर गुरुदास म्हणे. तो वाईट माणूस नाही. काजूचा व्यापार करतो आणि प्रत्येक गोष्टीत त्याला पुढचं नुकसान आधी दिसतं.

शेवटी फोनवर मंगेशशी बोलून ठरलं. एक जुनी, दणकट गाडी घ्यायची आणि एक पावसाळा बघायचा. गाडीने साथ दिली तर नोकरी राहील, नाहीतर आनंदी घरी बसेल. हे मला नंतर कळलं. ज्या दिवशी ते मला बघायला आले, त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ही बाई माझ्याकडे बघताना ओठ घट्ट मिटून घेते.

गुरुदासने माझ्या टायरांना लाथा मारल्या. पुरुष गाडी बघताना हे करतातच. त्यातून त्यांना काय कळतं ते मला अजून कळलेलं नाही. मग तो म्हणाला, "वैनी, बोटी ओढून म्हातारी झालेली गाडी ही. हिका ब्रेक कशाक? वल्ही बसव."

भाई हसले. आनंदी हसली नाही. ती खाली वाकली, माझ्या पोटाकडे बघितलं आणि काळा रंग कधीचा, असं विचारलं. सुदेशने अभिमानाने सांगितलं की दरवर्षी लावतो, होडीला लावतात तसा. मग त्याने माझ्या बोनेटवर हात ठेवला.

"एक दिस चुकलंय नाय, ताई. थकान इलंय तरी हिका धुतल्याशिवाय जेवूक बसलंय नाय."

तो अगदी खरं बोलत होता.

आनंदी अंगणभर फिरली. मला धुवायच्या जागी, जिथे पाणी वाहून जाई, तिथे ती थोडा वेळ थांबली. अशा सांडपाण्यावर कोकणात सगळ्या घरांत अळू असतं. इथे नव्हतं. नुसती पांढुरकी, कडक वाळू होती. तिने ते बघितलं, एवढं मला दिसलं. पण अळू नाही म्हणून गाडी घ्यायची नाही, असं कोण म्हणेल? तिने मला घेतलं.

आमच्याकडे नवीन गाडी घेतली की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवासमोर उभं राहून, आम्ही अमुक काम हाती घेतलं आहे, ते नीट पार पाड, असं मोठ्याने सांगायचं. एक जण सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. मला धामापूरच्या तळ्याकाठी, भगवतीच्या देवळासमोर उभं केलं. सुदेश स्वतः मला पोचवायला आला होता, म्हणून तोही तिथे थांबला. गाऱ्हाणं भाईंनी घातलं. एरवी भाई हळू बोलतात, पण गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज तळ्याच्या पलीकडे जातो.

"गे माये भगवती, आज तुझ्या ह्या लेकीन कामाक जावक-येवक गाडी घेतल्यान हा, ती तुझ्या पायांकडे उभी केल्यान हा. तिच्या वाटेत काय आडवा येयत तां दूर कर गे माये."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"हिच्या पोटात जां काय कमी-जास्त आसात, तां वेळीच भायर काढ, आणि माणसांका सांभाळून घे गे माये."

"व्हय म्हाराजा."

या दुसऱ्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज सुदेशचा होता. जो फसवतो त्याचा आवाज तिथे अडखळतो, असं म्हणतात. त्याचा अडखळला नाही. त्याला माहीतच नव्हतं.

नारळ फुटला. पाणी माझ्या चाकावर उडालं. कितीतरी वर्षांनी माणसाच्या हातून माझ्यावर पडलेलं ते पहिलं गोडं पाणी.

पावसाळा सुरू झाला आणि आमचं रोजचं जाणं-येणं सुरू झालं. आनंदी गाडी जपून चालवते. चढणीला लागली की पुटपुटते, काय ते मला ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी वाडीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सिस्टर स्वतः जीप चालवत आल्या, हे त्यांना लसीपेक्षा मोठं वाटलं. एक म्हातारी तर मला टेकूनच बसली आणि मग रोज बसू लागली.

पावसात वाडीत पोरांना जुलाब होतात. तेव्हा आनंदी माझ्या बोनेटवर फडकं पसरते, उकळून गार केलेलं पाणी आणि पुडी काढते, नाहीतर घरातलंच मीठ आणि साखर घेते. पाणी तयार झालं की पोराला द्यायच्या आधी त्याचा एक थेंब ती स्वतःच्या जिभेवर ठेवते. नेहमी. पाऊस असो, घाई असो. आणि पोराच्या आईलाही ठेवायला लावते. सांगते, "डोळ्यातल्या पाण्याइतका खारा चलता. तेच्यापेक्षा खारा झाला तर ओतून टाक, पोराक देव नको."

मला ते बघायला आवडे. पाण्याला विचारून बघणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी मला रोज कुणी धूत नसे. पाऊस धुवायचा. पण आतलं मीठ रंगाच्या आड बसलं होतं, ते तिथेच राहिलं आणि आपलं काम करत राहिलं. मला माझ्या डाव्या बाजूचं, मागच्या पाट्याजवळचं लोखंड पातळ झालेलं कळत होतं. खड्ड्यात चाक गेलं की तिथे बारीक आवाज येई. आनंदीने एकदा थांबून कान दिला. मग उशीर झाला होता म्हणून निघाली.

श्रावणात ते सगळे वैभववाडीला निघाले. तिथे आनंदीचं माहेर. आई एकटी असते, आणि पूजाला आजीकडची शेतं बघायची होती. माझ्याबरोबरची ही पहिलीच सहल. भाई पुढे, पूजा मागे आणि तिच्या शेजारी नारळांचं पोतं. वाटेत भाईंनी गाडी थांबवून भजी घेतली आणि तेलकट हात माझ्या सीटला पुसले. कुणी रागावलं नाही. मला वाटलं, आता मी घरची झाले.

माहेरच्या वाडीकडे उतरणारी एक घाटी आहे. उतार संपता संपता ती व्हाळाला लागते. आनंदी अगदी हळू उतरत होती. व्हाळाच्या अलीकडे माझं चाक एका दगडावरून खाली आलं आणि डाव्या बाजूचा पाटा चासीतून, म्हणजे माझ्या खालच्या सांगाड्यातून, सुटला. पाटा मोडला नाही. तो जिथे बसवला होता ते लोखंडच फाटलं. मी मागच्या डाव्या बाजूला बसले, गाय बसते तशी. नारळ सगळीकडे गडगडले. पूजा एवढंच म्हणाली, "आये, गाडी बसली."

कुणाला खरचटलं नाही. हेच वरच्या उतारावर, वेगात झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आनंदी करत असावी, कारण ती स्टिअरिंग सोडत नव्हती. भाई खाली उतरले, मला बघितलं आणि आकाशाकडे हात जोडले.

"भायर काढ म्हणान मीच मागलंय," ते म्हणाले. "माणसांका सांभाळ म्हणानय मागलंय. दोनय आयकल्यान."

त्याबद्दल मी काही बोलणार नाही. लोखंड जिथे सगळ्यात पातळ असतं तिथे फाटतं, एवढं मला माहीत आहे. पण ते कुठे फाटावं आणि कधी, हे मी ठरवलं नव्हतं.

वाडीतली माणसं आली आणि मला ओढून खळ्यात नेलं. आनंदी माझ्याखाली वाकली. फाटलेल्या जागी बोट लावलं तर काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला. त्याच्या आत लोखंड नव्हतं, गंजाच्या तांबड्या पानांचा थर होता. बोटाने दाबलं की चुरा होई. तिने तो चुरा तळहातावर घेतला, वास घेतला. मग जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. तिने त्याचा कण जिभेवर ठेवला.

 तिला बहुतेक ते अंगण आठवलं, जिथे अळू नव्हतं.

गुरुदासचा फोन आला. त्याने काय सांगितलं ते फोन कानाला असूनही सगळ्यांना ऐकू गेलं. गाडी परत करायची, त्या सुदेशला चार माणसांत उभा करायचा, आणि पावसाळा बघायचं ठरलं होतं तो बघून झाला. भाईंचं वय, पूजाची शाळा, सगळं त्याने काढलं. आनंदी हूं हूं करत राहिली. फोन ठेवल्यावर तिने भाईंना एवढंच विचारलं की मंगेशला हे आजच कळवायला हवं का. भाई म्हणाले, दोन दिवसांनी कळवलं म्हणून समुद्र आटत नाही.

मग मला टेम्पोवर चढवलं. गाडीने गाडीवर बसून जाणं फार विचित्र असतं. रस्ता दिसतो, पण आपला नसतो. वाटेत गुरुदास चढला. त्याने तारकर्लीपर्यंत भांडणाची तयारी केली. आनंदी खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, संपलं. मी परत समुद्रावर जाणार आणि ही बाई घरी बसणार.

सुदेश अंगणात ट्रॅक्टर धूत होता. त्याच नळीने, त्याच बावीच्या पाण्याने. मला टेम्पोवर तिरकी बसलेली बघून त्याने पंप बंद केला. गुरुदासने तोंड उघडलं. सडकी गाडी रंगवून बाईमाणसाच्या गळ्यात मारली, असं काहीतरी तो म्हणाला. सुदेशचा चेहरा उतरला. रोज धूत होतो, आईशपथ धूत होतो, एवढंच तो म्हणत राहिला. ते दोघे एकमेकांवर आवाज चढवू लागले.

आनंदी मध्ये पडली नाही. तिने ओट्यावर उभ्या असलेल्या सुदेशच्या बायकोला, किशोरीला, हाक मारली. "बावीचा पाणी दी गो जरा."

"नळाचा आसा मा, ताई," किशोरी म्हणाली.

"बावीचाच दी."

किशोरी नवऱ्याकडे बघू लागली. सुदेशने स्वतः कळशी सोडली आणि भरून वर काढली. भांडणातही त्याला बावीचं पाणी देताना बरं वाटत होतं. आनंदीने भांडं तोंडाला लावलं, एक घोट घेतला आणि थांबली. मग ते भांडं तिने सुदेशपुढे धरलं.

"पिऊन बघा."

"काय बघू? ह्या पाण्यान आवशीन आमका वाढवल्यान."

"म्हणानच सांगतंय. पिऊन बघा."

त्याने घोट घेतला. गिळला. पुन्हा एक घेतला, या वेळी तोंडात धरून ठेवला. मग भांडं बावीच्या कठड्यावर ठेवलं आणि तिथेच टेकला.  टेम्पोवाला विडी ओढत होता, त्याने ती खाली धरली.

"डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारा आसा," आनंदी हळूच म्हणाली.

सुदेशने किशोरीला विचारलं, "कधी झाला गो ह्यां?"

"डाळ शिजना नाय म्हणान मी कधीच नळावर गेलंय," ती म्हणाली. "आये आसत तोवर कोण सांगतला? आणि मगे तुमका सांगूक धीर झालो नाय. वाडीत सगळी गोडी बाव म्हणतत."

 सुदेशने माझ्याकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे, मग खाली पडलेल्या नळीकडे. इतकी वर्षं तो ज्याला औषध समजत होता ते काय होतं, हे त्याला एका घोटात कळलं. मी त्याच्यावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशी तर मुळीच नाही. मला त्याच्याएवढं कुणी जपलं नव्हतं, आणि त्यानेच मला सडवलं होतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मला ती एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, चूक माझी, गाडी इथेच ठेवा, मी ती परत घेतो. गुरुदासने मान हलवली. त्याला हेच हवं होतं. त्याने टेम्पोवाल्याला दोर सोडायला सांगितलं.

"थांब, गुरुदास भावजी," आनंदी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण टेम्पोवाल्याचा हात थांबला. "माका गाडी होई. परत देवक इलंय नाय. कित्या सडली तां बघूक इलंय. तां समाजला नसता, तर दुसरी घेतली ती पण सडली असती."

"आणि वैनी, पुन्हा खंय फाटली तर?"

"आता खंय फाटता तां माका म्हायत आसा."

 गुरुदासने टेम्पोच्या चाकाकडे बघितलं आणि सवयीने त्याला एक लाथ मारली.

मालवणात मासेमारीच्या ट्रॉलरांचं लोखंडकाम करणारा एक कारखाना आहे. सुदेश तिथल्या माणसांच्या ओळखीचा. तो स्वतः मला तिथे घेऊन गेला. माझं पोट खरवडलं, सगळा काळा रंग आणि त्याखालचं मीठ काढलं, सडलेले तुकडे कापले आणि नवीन लोखंड जोडलं. गुरुदास रोज येऊन बघून जाई. काम नीट करतात की नाही, यावर त्याचा विश्वास नव्हता. शेवटच्या दिवशी तो माझ्याखाली आडवा झाला, प्रत्येक जोडावर हातोडी मारून बघितली आणि उठून म्हणाला, बरी आसा. त्याच्या तोंडून ते फार होतं.

आता तो पावसाळा संपून दिवाळीही होऊन गेली. आनंदी अजून कातळावरच्या वाडीत जाते. ती म्हातारी अजून मला टेकून बसते. मंगेश रजेवर आला तेव्हा तो माझ्यात ड्रायव्हरशेजारी बसला आणि चढणीला दांडी घट्ट धरली. भर समुद्रात बोटीवर राहणारा माणूस, पण बायकोने गिअर बदलला की डोळे मिटायचा. गुरुदास आता हळूच विचारतो, काजूची पोती न्यायची होती, जीप रिकामी आहे का. पूजाने माझ्या मागच्या दाराला दोरी बांधली आहे, म्हणजे ते उचलायला सोपं जातं.

सुदेश मधून मधून येतो. खोल्यांसाठी त्याने पावसाच्या पाण्याची टाकी बांधली आहे आणि बावीवरचा पंप काढून टाकला आहे. रोज सकाळी तो एक ओंजळ काढून चाखतो, असं तो आनंदीला सांगत होता. अजून खारं आहे. पण मागच्या महिन्यापेक्षा कमी वाटतं, असंही म्हणाला. आनंदी म्हणाली, वाटतं की आहे? तो म्हणाला, माहीत नाही, पण चाखतो.

माझं आता फार काही मागणं नाही. फणसाची सावली चांगली आहे. पानं पडतात, पक्षी घाण करतात, कुणी पुसतं, कुणी नाही. माझ्यासारखी एखादी जुनी गाडी तुमच्या दारात आली तर तिला जपा. तुम्ही जपालच, माणसांना ते येतं. फक्त तिच्यावर पाणी ओतण्याआधी त्याचा एक थेंब आपल्या जिभेवर ठेवून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागला, तर तिला तशीच मळकी राहू द्या.